डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या नावाची, मुदत एका ठिकाणी यंदाची, दुसरीकडे पुढच्या वर्षाची दिसते. खरी कोणती?

दोन्ही खऱ्या असू शकतात, कारण त्या दोन वेगळ्या वह्यांतल्या नोंदी आहेत. एक वही रजिस्ट्रीची, म्हणजे एका प्रकारच्या सगळ्या नावांची मूळ नोंद ठेवणाऱ्या संस्थेची; डॉट कॉमसाठी ती व्हेरिसाइन ही कंपनी. दुसरी रजिस्ट्रारची, ज्याच्याकडे तुम्ही पैसे भरता. डॉट कॉमची मुदत संपली की रजिस्ट्री ती आपोआप वर्षभर पुढे नेते. पैसे आले नाहीत, तर रजिस्ट्रार पुढच्या ४५ दिवसांत ते नाव रद्द करू शकतो. या मधल्या काळात पुढच्या वर्षाची तारीख दिसते आणि माणूस निर्धास्त होतो.

इंदूरला सराफ्यात माझ्या मावसभावाचं दुकान आहे. त्याचं नेमकं हेच झालं. वाढलेली तारीख पाहून तो थांबला आणि आठवड्याभरात साइट बंद. नाव परत मिळालं, पण ऐन दिवाळीच्या तोंडावर चार दिवस गेले. म्हणून कळकळीनं सांगतो, रजिस्ट्रारच्या खात्यात शिरून तिथलीच तारीख धरा आणि पावती जपून ठेवा.

नावाची नोंद शोधायची तर आयकॅनच्या, म्हणजे जगभरच्या डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेच्या, लुकअप पानावर शोधा. ते आरडॅपवर, म्हणजे अशा नोंदी पाहण्याच्या नव्या पद्धतीवर चालतं. डॉट कॉमसारख्या नावांसाठी हूइज ही नोंदी पाहण्याची जुनी सेवा चालवण्याचं बंधन २८ जानेवारी २०२५ पासून उरलेलं नाही. तिऱ्हाईत साइटवर पूर्वी साठवलेली शिळी माहितीही दिसू शकते.

मालकाचं नाव झाकलेलं दिसलं तर घाबरू नका, २०१८ पासून गोपनीयतेसाठी ते सर्रास झाकतात. आणि ‘क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड’ म्हणजे नाव कुणी परस्पर हलवू नये म्हणून लावलेलं कुलूप. ते असलेलंच बरं.