शेअर विकला की जबाबदारी संपते का?

प्रश्न : माझ्या इंडेक्स फंडात (बाजाराच्या एखाद्या निर्देशांकातले शेअर जसेच्या तसे घेणारा फंड) तंबाखू आणि शस्त्रास्त्रांच्या कंपन्या आहेत. मी बाहेर पडलो तर त्यांचा पैसा थांबेल का?

उत्तर : लगेच तर नाहीच. बाजारातली रोजची खरेदी-विक्री दोन गुंतवणूकदारांमध्ये होते. तुमच्यासाठी फंडाने विकलेला शेअर दुसरा कोणीतरी घेतो आणि कंपनीच्या तिजोरीत काहीच हलत नाही. कंपनीला बाहेरून ताजा पैसा मिळतो तो नवे शेअर काढले, कर्जरोखे विकले किंवा बँकेकडून कर्ज घेतलं तर. म्हणून नवी खाण उघडण्यासाठी रोखे विकणाऱ्या कंपनीला नकार दिला, तर तो तिला जाणवू शकतो. तंबाखू कंपन्यांचं तसं नाही. त्यांच्या हाती रोकड भरपूर असते, नव्या भांडवलाची गरज कमी. पुष्कळ लोकांनी एकदम विकलं तर भाव उतरतो, पण ज्याला सोयरसुतक नाही त्याला तोच शेअर स्वस्तात मिळतो.

तरीही विकायला एक भक्कम कारण उरतं: लाभांश. ज्या धंद्याने माणसं आजारी पडतात, त्याच्या नफ्यात वाटेकरी व्हायचं नाही, एवढं म्हणणं पुरेसं आहे. त्यासाठी कंपनी बुडायलाच हवी असं नाही. फक्त हा निर्णय आपल्यापुरता आहे, हे ओळखून घ्यावा.

कंपनीची चाल बदलायची असेल, तर भागधारकाचं मत हे हत्यार अधिक धारदार. २०२१ मध्ये ‘इंजिन नंबर वन’ या छोट्या फंडाने एक्सॉनमोबिल या तेल कंपनीच्या संचालक मंडळावर आपले तीन उमेदवार निवडून आणले. त्याच्याकडे शेअर होते सुमारे ०.०२ टक्के. मोठ्या फंडांनी साथ दिली म्हणून ते जमलं. आणि मोठे फंड म्हणजे शेवटी तुमच्याआमच्या पैशांचीच मतं, जी बहुतेक वेळा फंड कंपनी आपल्याला न विचारता टाकते. तुमच्या फंडाचा मतदानाचा अहवाल प्रसिद्ध होत असेल तर तो वाचा. ठराव, त्यावर व्यवस्थापनाचा सल्ला आणि फंडाने टाकलेलं मत, या तीन रकान्यांतून बरंच कळतं. सगळीकडे व्यवस्थापनाच्याच बाजूने मत दिसलं, तर कारण विचारणारं पत्र लिहा.

प्रश्न : मग ‘शाश्वत’ किंवा ‘ईएसजी’ (पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार हे निकष) नावाचा फंड घेतला की झालं?

उत्तर : नावावर विसंबू नका. बरीच ईएसजी मानांकनं कंपनीमुळे जगाचं किती नुकसान होतं हे मोजतच नाहीत. पर्यावरण किंवा कामगारांच्या प्रश्नांमुळे कंपनीच्या नफ्याला किती धोका आहे, हे ती मोजतात. शिवाय तुलना अनेकदा त्याच उद्योगातल्या कंपन्यांशी होते. त्यामुळे तेल कंपनीलाही चांगले गुण मिळू शकतात.

वरच्या दहा कंपन्या पाहून थांबू नका, नको असलेल्या कंपन्या बहुधा यादीत खाली असतात. पूर्ण यादी उतरवून घ्या, उद्योगानुसार लावा आणि नको त्या कंपन्यांच्या टक्केवारीची बेरीज करा. बेरीज १.८ टक्के आली, तर एक लाखातले १,८०० तिथे आहेत. फंडात दुसरे फंड असतील तर त्यांच्याही याद्या उघडाव्या लागतात. इथेच बहुतेकांची गफलत होते. मग वगळण्याचे नियम वाचा. ‘तंबाखू वगळली’ याचा अर्थ कधी फक्त उत्पादक वगळले, तर कधी उत्पन्नाच्या ५ किंवा १० टक्क्यांपर्यंत तंबाखू चालते, असा निघतो. बदलण्याआधी बाहेर पडण्याचं शुल्क, कर आणि नव्या फंडाचा वार्षिक खर्च तपासा.

प्रश्न : मी शेअरच्या वाटेलाच जात नाही. पैसे मुदत ठेवीत आहेत. मला या सगळ्याचा विचार करायची गरज आहे का?

उत्तर : आहे, आणि थोडी जास्तच. ठेवींच्या बळावर बँक कर्जं देते, म्हणजे इथे ताज्या पैशाशी तुमचा संबंध जवळचा आहे. वार्षिक अहवालात उद्योगवार कर्जवाटपाचा तक्ता असेल तर तो पाहा. बँकेला लेखी विचारताना ‘तुमचं धोरण काय’ असं मोघम विचारू नका, गुळगुळीत उत्तर येतं. ‘नव्या कोळसा खाणींना कर्ज देता का? देत नसाल, तर कोणत्या तारखेपासून?’ असं विचारा. बँक बदलायचीच असेल तर मुदत संपत येईल तशी एकेक ठेव हलवा, म्हणजे मुदतपूर्व मोडण्याचा दंड बसत नाही. ज्या खात्यातून हप्ते कापले जातात ते सगळ्यात शेवटी बंद करा.