कार्पेंटर्सचं कंट्री खरं की नुसतं खपासाठी?

तुम्ही विचारलंय की कार्पेंटर्स ही कॅरन आणि रिचर्ड या अमेरिकन बहीणभावाची पॉप जोडी, तिचं 'स्वीट, स्वीट स्माइल' १९७८ साली कंट्रीच्या, म्हणजे अमेरिकन ग्रामीण लोकसंगीतातून आलेल्या गाण्यांच्या, यादीत गेलं ते रेकॉर्ड खपवण्यासाठी केलेली खेळी होती का, आणि नव्या माणसाने कंट्री ऐकायला त्यांच्यापासून सुरुवात करावी का. पहिल्याचं उत्तर नाही, दुसऱ्याचं हो. का ते सांगते. थोडं लांबेल, कारण हाच विषय काढून वसईत एका माणसाने माझं गाणं कापलं होतं आणि मला बोलूही दिलं नव्हतं.

आधी यादीचं. गायकाने स्वतःला कंट्री म्हणवलं म्हणून बिलबोर्ड या अमेरिकन संगीत साप्ताहिकाच्या कंट्री यादीत नाव लागत नाही. त्या काळी कंट्री रेडिओ स्टेशनं काय वाजवतात आणि दुकानांत काय खपतं, यावर ती यादी बनायची. 'स्वीट, स्वीट स्माइल' कंट्रीत आठव्या नंबरवर गेलं आणि पॉपच्या हॉट १०० मध्ये ४४ वर अडकलं. म्हणजे ज्यांची ही जोडी लाडकी, त्यांनी गाणं फारसं उचललं नाही, आणि ज्यांना फसवलं असं तुम्हाला वाटतं, त्या कंट्रीवाल्यांनी ते उचलून धरलं. खेळी असती तर पुढचा अल्बम कंट्रीचाच आला असता. आला तो ख्रिसमसचा, त्याच वर्षी. मग कॅरनने न्यूयॉर्कला जाऊन स्वतंत्र अल्बम केला, तोही कंट्रीचा अल्बम नाही, आणि तो तर १९९६ पर्यंत बाहेरच आला नाही. कंट्रीत पहिल्या दहात गाणं असताना त्या वाटेने पुढे न जाणारी माणसं बाजारासाठी तिकडे गेली होती, हे मला कुणी पटवून द्यावं.

शिवाय कंट्रीवालेच त्यांच्याकडे आधी आले होते. 'टॉप ऑफ द वर्ल्ड' हे रिचर्ड कार्पेंटर आणि जॉन बेटिस यांचं गाणं १९७२ च्या 'अ साँग फॉर यू' अल्बममध्ये होतं. लिन अँडरसनने १९७३ साली ते गायलं आणि कंट्रीत दुसऱ्या नंबरवर नेलं. तेव्हा कुठे कार्पेंटर्सनी आपलं सिंगल, म्हणजे एका गाण्याची वेगळी रेकॉर्ड, काढलं आणि डिसेंबर १९७३ मध्ये ते पॉपमध्ये पहिलं आलं. ज्या गाण्यावर कंट्रीचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलच्या गायिकेने आधी हक्क सांगितला, ते गाणं लिहिणाऱ्याला कंट्री कळत नव्हतं, असं म्हणायला धाडस लागतं.

आता माझी गोष्ट. मी लग्नाच्या बँडमध्ये गायचे. दादा गिटार आणि मॅन्डोलिन वाजवायचा. बँडचे मास्तर आमच्या वडिलांच्या वयाचे, हातात ट्रम्पेट, रविवारी चर्चची क्वायरही तेच बघायचे. नोटेशन वाचायला मी त्यांच्याकडूनच शिकले. हे आधी सांगते, कारण यापुढे मी त्यांच्याविषयी गोड बोलणार नाही.

एका नाताळच्या आधी गावच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरला, सगळी कंट्री गाणी. आमच्याकडे कंट्री म्हणजे जिम रीव्हज हा अमेरिकन गायक. डिसेंबर लागला की घराघरात त्याचा आवाज. ज्या आज्यांना इंग्रजीचं अक्षर कळत नाही त्याही भाकऱ्या थापताना त्याची चाल गुणगुणतात. मलाही तो आवडतो, याबद्दल गैरसमज नको. पण माझा आवाज खालच्या पट्टीतला, क्वायरमध्ये कायम आल्टो, आणि कॅरन कार्पेंटर ऐकल्यावर मला पहिल्यांदा कळलं की खालचे सूर हे नुसते दुसऱ्याला साथ द्यायला नसतात, त्यावर अख्खं गाणं उभं राहतं. म्हणून मी 'स्वीट, स्वीट स्माइल' निवडलं.

ते बसवायला आम्ही जीव काढला. गाण्याची सगळी चाल बँजोवर चालते. मिरवणुकीतला बेंजो आमच्याकडे होता, पण अमेरिकन बँजो गावात कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. दादाने कॅसेट मागे-पुढे करत ती बोटं मॅन्डोलिनवर उतरवली, रात्री जेवण झाल्यावर ओट्यावर बसून, शेजारच्यांनी आरडाओरडा करेपर्यंत. फिडल म्हणजे कंट्री ढंगाने वाजवलेलं व्हायोलिन, त्यासाठी क्वायरमधला व्हायोलिनवाला मुलगा घेतला. त्याला एवढंच सांगितलं की सुरावर थरथर नको, गज आखूड ठेव आणि दाबून घास. दोन्ही वाद्यं एकत्र आली तेव्हा अंगावर काटा आला. गाणं धावतं, थांबत नाही, आणि गाणारीला श्वास कुठे घ्यायचा ते आधीच ठरवून ठेवावं लागतं. कॅरन मुळात ड्रमर. ती स्वतःला गाणारी ड्रमरच समजायची आणि पुढे येऊन माइक धरायला तिला भाग पाडलं गेलं. या गाण्यातला तिचा शब्दांचा ठेका ऐका, ड्रमरच असं गाऊ शकते.

तालमीच्या वेळी मास्तरांनी यादी मागितली आणि माझ्या गाण्यावर काट मारली.

"हे पॉप आहे, पोरी. कार्पेंटर म्हणजे हॉटेलात जेवताना लावतात ते. जिम रीव्हजच्या पंगतीत हे बसत नाही."

मी म्हटलं, "मास्तर, अमेरिकेत हे कंट्रीच्या यादीत होतं."

"यादीत काय, काहीही येतं."

आणि मग माझ्याकडे पाठ करून ते दादाला म्हणाले, "तुझ्या बहिणीला सांग, संथ काहीतरी गा म्हणावं. तिला तेच शोभतं."

दादा काही बोलला नाही. मी बोलणार होते, तर मास्तरांनी पुढचं गाणं सुरू केलं. त्या कार्यक्रमात मी एकटीने काहीच गायले नाही, फक्त मागे हार्मनी दिली. पुढे एका चुलतबहिणीच्या लग्नात, जिथे यादी आमच्या घरच्यांनी ठरवली होती, मी तेच गाणं गायले. जाइव्ह करायला लोक खुर्च्या सोडून आले आणि संपल्यावर पुन्हा गायला लावलं. मास्तरांनी तेवढा वेळ ट्रम्पेट मांडीवर ठेवला होता. नंतरही भेटले की म्हणायचे, "काय गं, अजून पॉपच का?"

तेव्हा जे बोलायचं राहिलं ते आता बोलते, आणि तुमच्याही प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

जिम रीव्हजला खरं कंट्री मानणाऱ्याने कार्पेंटर्सना नाकारूच नये. रीव्हज टेक्ससचा, सुरुवातही त्याने ठेक्याच्या कंट्री गाण्यांनी केली, हे खरं. पण आपण ज्या रीव्हजवर जीव टाकतो तो नॅशव्हिल साउंडचा रीव्हज. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी रॉक अँड रोलपुढे कंट्रीचा खप पडायला लागला, तेव्हा चेट ॲटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली या निर्मात्यांनी फिडल आणि स्टील गिटार बाजूला सारून व्हायोलिनांचे ताफे आणि कोरस आणला. पॉप ऐकणाऱ्यांनी विकत घ्यावं म्हणून. रीव्हजचं 'ही'ल हॅव टू गो' घ्या. पियानो, व्हायब्राफोन, मागे कोरस, माइकला ओठ लावल्यासारखा आवाज. फिडल नाही, स्टील नाही. १९६० साली ते पॉपच्या यादीत दुसरं आलं. तो पॉपकडे गेला तर थोर, आणि पॉपमधली पोरगी बँजो-फिडल घेऊन उलट्या दिशेने आली तर हॉटेलातलं संगीत? वाद्यंच मोजायची तर माझं गाणं त्या संपूर्ण कार्यक्रमातलं सगळ्यात कंट्री गाणं होतं.

हा वाद नॅशव्हिलमध्येही याच सुमारास पेटला होता. १९७४ साली कंट्री म्युझिक असोसिएशनने वर्षातली सर्वोत्तम गायिका म्हणून ऑलिव्हिया न्यूटन-जॉनला निवडलं, ती ऑस्ट्रेलियात वाढलेली पॉप गायिका. जॉर्ज जोन्स आणि टॅमी विनेट या कंट्री गायकांच्या घरी नाराज कलाकार जमले आणि त्यांनी वेगळी संघटनाच काढली. पुढच्या वर्षी त्याच सोहळ्यात पुरस्कार जाहीर करताना कंट्री गायक चार्ली रिचने विजेता म्हणून पॉपकडे झुकलेल्या जॉन डेन्व्हरचं नाव असलेला कागद भर मंचावर लायटरने पेटवला. तो रिच स्वतः मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्समध्ये रॉक अँड रोल करून आलेला आणि पॉपमध्येही खपलेला. आपण आत आलो की दार लावून घ्यायचं, हे तिथेही होतं आणि आमच्या हॉलमध्येही होतं.

कार्पेंटर्स शहरातले, त्यांना काय कंट्रीचं, असंही कुणी म्हणेल. जन्म न्यू हेवनचा आणि १९६३ पासून लॉस एंजेलिसजवळच्या डाऊनीत, हे बरोबर. पण कॅलिफोर्निया म्हणजे कंट्रीबाहेरचा मुलूख नव्हे. बक ओवेन्स आणि मर्ल हॅगार्ड हे कंट्री गायक कॅलिफोर्नियातल्याच बेकर्सफिल्डचे, आणि नॅशव्हिलच्या गुळगुळीतपणाला खरं उत्तर त्यांनीच दिलं.

काही गोष्टी मात्र कबूल करायला हव्यात. 'स्वीट, स्वीट स्माइल' रिचर्ड-कॅरनने लिहिलेलं नाही, ते जूस न्यूटन आणि ओथा यंग यांचं आहे. जूस न्यूटन स्वतः १९८१ मध्ये मोठी झाली. ज्या 'पॅसेज' अल्बममध्ये ते आहे तो आधीच्या अल्बमांसारखा खपला नाही, त्यामुळे कुठूनतरी एखादं गाणं चालावं असं कंपनीला वाटत असणारच. आणि त्यांचं 'जांबालाया' मला नाही आवडत. फार स्वच्छ आहे. जुना कंट्री गायक हँक विल्यम्सचं १९५२ चं मूळ ऐका, त्यात खाणंपिणं आणि दंगा आहे. पण तेही त्याच वर्षी जो स्टॅफर्डने पॉपमध्ये नेलं होतं, तेव्हा ही ये-जा काही सत्तरीत सुरू झालेली नाही. दारू, तुरुंग, मोडलेला संसार असलं कंट्री हवं असेल तर कार्पेंटर्सकडे ते मिळणार नाही, जोन्स आणि हॅगार्डकडे जा.

सुरुवात कशी करायची? 'टॉप ऑफ द वर्ल्ड'पासून. आधी लिन अँडरसनचं ऐका, मग कार्पेंटर्सचं. दोघींच्या आवाजातला फरक चटकन कळेल, लिन उजळ आणि टोकदार, कॅरन खाली आणि गोल. त्यातली स्टील गिटार नीट ऐका, हवाईयन गिटारचीच ती पुढची पिढी, पायाला पेडल असलेली. मग 'स्वीट, स्वीट स्माइल', आणि त्यानंतर १९८१ च्या 'मेड इन अमेरिका'मधलं 'दोज गुड ओल्ड ड्रीम्स', तेही याच वळणाचं आहे. कानाला सवय झाली की हँक विल्यम्स. उलट्या क्रमाने गेलात तर पहिल्याच दिवशी कंटाळून सोडून द्याल, असे मी घरातच पाहिलेत. गात असाल आणि कुणी सांगितलं की हे तुमच्यासाठी नाही, तर आधी यादी कोण बनवतंय ते बघा, आणि जमलं तर आपल्या घरच्या कार्यक्रमात गा.

'टॉप ऑफ द वर्ल्ड' घेताना एवढं बघा की १९७२ च्या अल्बममधलं आणि १९७३ च्या सिंगलमधलं रेकॉर्डिंग एक नाही. कॅरनला आधीचं गाणं मनासारखं वाटलं नव्हतं, म्हणून सिंगलसाठी तिने पुन्हा गायलं. दोन्ही मिळतात, पण आधी सिंगलचं ऐका.