सामानाच्या यादीआधी मुलीचं बँक खातं तपासा (औसा ते पुणे, इंजिनिअरिंग पहिलं वर्ष)

ताई, मुलीला कॅपमधून (केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून) पुण्यात जागा मिळाली, मनापासून अभिनंदन. तुम्ही विचारलंय की होस्टेलला सोडताना काय काय सामान द्यावं. पण शेवटी जाता जाता लिहिलंय, "शिष्यवृत्तीसाठी शाळेत असताना काढलेलं खातं आहेच, बँकेत विचारलं, आधार लिंक आहे म्हणाले." त्या एका ओळीसाठी हे सगळं लिहिते आहे. हेच उत्तर आम्हाला एका शाखेत मिळालं होतं आणि पहिल्या वर्षाचे पैसे त्यातच अडकले. त्याने जेवढा मनस्ताप झाला तेवढा प्रवेशाच्या फेऱ्यांनीही झाला नाही.

कागदपत्रं जमवणं, नॉन-क्रीमिलेअर, रहिवासी दाखला हे तुम्ही कॅपसाठी केलंच असेल, त्यात जात नाही. आधी सांगते, मी बँकेत किंवा समाजकल्याण खात्यात नाही. नियम दरवर्षी थोडे बदलतात, त्यामुळे यंदाच्या सूचना शेवटचा शब्द समजा.

बँकेत आधारची दोन वेगळी कामं होतात. एक म्हणजे केवायसी: आधारची प्रत घेतली आणि नंबर खात्याला जोडला. दुसरं म्हणजे एनपीसीआयच्या (बँकांमधली देवाणघेवाण चालवणारी संस्था) मॅपरवर, म्हणजे कोणत्या आधारला कोणती बँक या यादीत नोंद, यालाच सीडिंग म्हणतात. सरकारी पैसे आधारवरून येतात तेव्हा फक्त हा मॅपर बघितला जातो. काउंटरवरचा माणूस बहुतेक वेळा पहिला स्क्रीन उघडतो, तिथे आधार नंबर दिसतो आणि तो "लिंक आहे" म्हणतो. तो खोटं बोलत नाही, पण तुमचं काम त्यात झालेलं नसतं.

मॅपरवर एका आधारला एकच बँक असते, आणि जिने शेवटची नोंद केली तीच धरली जाते. तिथे खाते क्रमांक नसतो, फक्त बँक असते. त्या बँकेत मुलीची दोन खाती असतील तर बँकेने ज्याला आधार जोडला असेल त्यात पैसे पडतात. म्हणून अर्जात पासबुकाची झेरॉक्स लावली म्हणजे त्याच खात्यात पैसे येतील असं धरून चालू नका.

तपासायला बँकेत जायची गरज नाही. यूआयडीएआयच्या (आधार देणारी संस्था) 'माय आधार' संकेतस्थळावर मुलीचा आधार नंबर आणि ओटीपी टाकून आत जा, 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा. तिथे बँकेचं नाव, 'ॲक्टिव्ह' की 'इनॲक्टिव्ह' आणि शेवटच्या बदलाची तारीख दिसते. 'ॲक्टिव्ह' दिसलं आणि बँक अपेक्षित असेल तर त्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. काहीच नसेल किंवा भलतीच बँक असेल तर पुढचं करा.

बँकेत जाऊन "आधार लिंक आहे का?" असं विचारूच नका. "डीबीटीसाठी सीडिंग करायचंय, संमतीचा फॉर्म द्या," असं म्हणा (डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात). आधी दुसऱ्या बँकेत सीडिंग असेल तर त्या बँकेचं नाव लिहायची जागा फॉर्ममध्ये असते, ती भरा. सोबत साध्या कागदावर अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का व तारीख घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ करतात, तिथेच उभं राहायचं. आठ-दहा दिवसांनी पुन्हा संकेतस्थळावर बघा. बदल नसेल तर बँकेच्या तक्रार कक्षाला ईमेल करा आणि तक्रार क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तराने समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. शाखेत नुसत्या तोंडी चकरा मारण्याला काही अर्थ नाही. "उद्या या" आणि "सर्व्हर डाउन आहे" याची नोंद कुठेच होत नाही, शिक्क्याची होते.

आता तुमच्याकडे नक्की होईल अशी गोष्ट. प्रवेशाच्या दिवशी कॉलेजच्या आवारात एखाद्या बँकेचं टेबल असतं, सगळ्यांची खाती तिथे उघडतात. त्या फॉर्ममध्ये एक छोटा चौकोन असतो: सरकारी लाभ या खात्यात घ्यायला संमती. घाईत त्यावर टिक होते आणि मॅपरवर जुन्या बँकेच्या जागी नवी बँक बसते. खातं जरूर उघडा, पण आधी ठरवा की शिष्यवृत्ती कुठे हवी. माझं मत असं की शिष्यवृत्ती आणि रोजचा खर्च वेगळ्या खात्यांत असावा. शिष्यवृत्तीच्या खात्याला यूपीआय नको. दर महिन्याचे पैसे तुम्ही दुसऱ्यात टाका, तेवढ्यात भागवायची सवय तिला आपोआप लागते.

शाळेत काढलेल्या खात्याचा आणखी एक घोळ असतो. ते अज्ञानाचं, म्हणजे पालकाच्या सहीवर चालणारं खातं असेल तर मुलगी १८ची झाली की तिची स्वतःची सही, फोटो आणि नवी केवायसी द्यावी लागते. तोवर व्यवहार थांबतात. पहिल्या वर्षाच्या मुलांना १८ बहुधा वर्षाच्या मधेच पूर्ण होतात, नेमकी परीक्षेच्या धामधुमीत. जन्मतारीख बघून सुट्टीचा एक दिवस यासाठी आताच धरून ठेवा. लहानपणी पॅन काढलं असेल तर त्यावर फोटो आणि सही नसते, तेही १८ नंतर बदलून घ्यावं लागतं. आणि कित्येक वर्षं हात न लावलेलं खातं निष्क्रिय झालेलं असू शकतं, ते केवायसी देऊन चालू करून घ्या.

मोबाइल नंबर. मुलीच्या आधारला बाबांचा नंबर असेल तर पुण्यात ती अर्ज भरत असेल आणि ओटीपी औशात बाबांच्या फोनवर येईल, बाबा शेतात. आधार केंद्रात तिला स्वतः नेऊन नंबर बदलून घ्या. ती घरी आहे तोवर उरका. पंधराव्या वर्षानंतर बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद अद्ययावत केली नसेल तर तेही त्याच फेरीत. नावाची स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे एकसारखी आहे ना, हे आधार, बँक आणि जातीचा दाखला शेजारी ठेवून एकेक अक्षर बघा. यातले फरक 'सेंड बॅक'चं, म्हणजे अर्ज परत येण्याचं, नेहमीचं कारण असतात.

तुम्ही ओबीसी लिहिलंय म्हणून सांगते: महाडीबीटीवर (राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं संकेतस्थळ) शुल्काच्या योजनेचा अर्ज असतो, त्याखेरीज ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना वेगळी आहे. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही अशा मुलांसाठी ती आहे आणि तिचा अर्जही वेगळा भरावा लागतो. पुण्यासाठी वर्षाला ६०,००० रुपये, त्यात भोजन ३२,०००, निवास २०,००० आणि निर्वाह ८,०००. उत्पन्नाची मर्यादा मात्र शुल्क योजनेच्या ८ लाखांपेक्षा बरीच खाली आहे, आधी ती बघा. अनुसूचित जातीसाठी स्वाधार आणि आदिवासी मुलांसाठी स्वयम् ह्या अशाच योजना आहेत. इतर कोणी हे वाचत असेल तर: अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट मुलाच्या खात्यात येतो आणि त्यातलं कॉलेजचं शुल्क मुलाने भरायचं असतं. ते पैसे घरखर्चाला वापरू नका, कॉलेज नंतर हॉल तिकिटापाशी अडवतं.

महाडीबीटीचा अर्ज भरून काम संपत नाही. तो कॉलेजच्या लिपिकाकडे जातो, तिथून परत आला तर ते लॉगिनमध्ये दिसतं. मुलीला दर रविवारी लॉगिन करायची सवय लावा. आणि हो, अर्ज तिनेच भरावा. सेतूवाल्याकडे पासवर्ड देऊन टाकणं ही फार वाईट सवय आहे, पुढच्या वर्षी नूतनीकरणाला त्याचा फोन लागत नाही.

मूळ कागदपत्रं. कॉलेजने तपासून परत द्यावीत असे यूजीसीचे २०१८चे निर्देश आहेत. तरी व्यवहारात शाळा सोडल्याचा दाखला ठेवून घेतात. तो देण्याआधी चार-पाच रंगीत झेरॉक्स काढून साक्षांकित करून ठेवा. बाकी काही ठेवून घेतलं तर कागदपत्रांच्या नावांसह पोच मागा. जात पडताळणीचं मूळ प्रमाणपत्र मी तरी होस्टेलच्या खोलीत ठेवू देणार नाही, ते घरी.

होस्टेल मिळालं नाही आणि खोली घ्यावी लागली तर लीव्ह अँड लायसन्स करार तिच्या नावावर करता येणार नाही, ती १८ची नसेल तर. तुमच्या नावावर करा, राहणारी म्हणून तिचं नाव घाला. कराराची नोंदणी करून घेणं महाराष्ट्रात घरमालकाची जबाबदारी आहे. एजंट "नुसत्या नोटरीवर भागतं" म्हणाला तर ऐकू नका, निवासाचा पुरावा म्हणून योजनेच्या अर्जाला नोंदणीकृत करारच भक्कम पडतो.

आता तुमची यादी, थोडक्यात. गादी इथून नेऊ नका, पलंग मोजून तिथेच घ्या. बादली-मगही तिथेच. इथून न्यायचं ते चांगलं कुलूप दोन किल्ल्यांसह (एक किल्ली तुमच्याकडे नको, मैत्रिणीकडे), मच्छरदाणी, आयएसआय शिक्क्याचा एक्स्टेन्शन बोर्ड, छत्रीऐवजी रेनकोट. इंडक्शन आणि हीटर बहुतेक होस्टेलांत जप्त होतात. खाऊ थोडा द्या: मेतकूट, शेंगदाण्याची आणि जवसाची चटणी, भाजणी. फराळाचे डबे पुण्याच्या पावसाळी हवेत मऊ पडतात.

मेस एकदम वर्षाची भरू नका, पहिला महिना एकाच महिन्याचे पैसे. खाडे कसे धरतात ते आधी विचारा, काही ठिकाणी सलग तीन-चार दिवसांपेक्षा कमी खाडा धरतच नाहीत आणि त्यासाठीही आदल्या दिवशी सांगावं लागतं.

औषधांत पॅरासिटामॉल, ओआरएस, थर्मामीटर. पावसाळ्यात ताप आला तर आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन स्वतःहून घ्यायचं नाही, डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, हे तिला नीट समजावून सांगा. दोन दिवसांत ताप उतरला नाही तर डॉक्टर आणि रक्ततपासणी. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र तुम्हाला आणि तिला दोघींनाही ऑनलाइन भरावं लागेल. ते भरताना १८००-१८०-५५२२ हा मदत क्रमांक तिच्या फोनमध्ये घालून टाका.

सीडिंगचं पान उघडून काय दिसलं ते इथे लिहा, आधार नंबर झाकून. पुढचं त्यावरून सांगते.