फ्लोराइड मोजायला फ्लोराइडचाच क्रिस्टल?

प्रश्न: आमच्या बोअरचं पाणी लॅबमध्ये दिलं होतं, फ्लोराइड १.८ आलं. तिथल्या ताईंनी पाण्यात पेनासारखी कांडी बुडवली, म्हणाल्या हिच्या टोकाला लॅन्थॅनम फ्लोराइडचा क्रिस्टल आहे. आता फ्लोराइडच पाण्यात बुडवलं तर रीडिंग वाढणार नाही का? आणि असल्या महागड्या वस्तूचा आणखी कुठे उपयोग होतो का? – एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर: शंका एकदम रास्त आहे. त्या क्रिस्टलमधनं किंचित फ्लोराइड पाण्यात उतरतंच, पण ते इतकं कमी की लिटरला साधारण ०.०२ मिलिग्रॅमच्या खाली मोजायला गेलात तरच आडवं येतं. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याची हद्द लिटरला १ मिलिग्रॅम आहे, दुसरी सोयच नसेल तर १.५, त्यामुळे तुमच्या १.८ चा दोष कांडीवर ढकलता येणार नाही.

हे लॅन्थॅनम फ्लोराइड, म्हणजे लॅन्थॅनम नावाच्या धातूचं फ्लोराइड, पाण्याला फारशी दाद देत नाही आणि वितळायलाही जवळजवळ १५०० अंश सेल्सियस लागतात, पण इथे कामाला येतो तो त्याचा वेगळाच गुण, घट्ट घन असूनही त्याच्या आतून फ्लोराइडचे आयन, म्हणजे चार्ज असलेले कण, सरकतात. ते आणखी सुटसुटीत सरकावेत म्हणून त्यात जरासं युरोपियम फ्लोराइड घालतात. लॅन्थॅनमवर तीन चार्ज, युरोपियमवर दोनच, मग कुठेकुठे फ्लोराइडची जागा रिकामी राहते, शेजारचा आयन तिथे उडी मारतो, त्याची जागा रिकामी होते, की त्याच्या पलीकडचा येतो, असं चालूच. क्रिस्टलच्या चकतीच्या आतल्या बाजूला, कांडीत, ठरलेलं द्रावण, बाहेर तुमचं पाणी, दोन्हीकडच्या फरकातनं व्होल्टेज तयार होतं. फ्लोराइड दहापट झालं की २५ अंशाला साधारण ५९ मिलिव्होल्टचा फरक पडतो. फ्रँट आणि रॉस या दोघांनी १९६६ मध्ये अमेरिकेत ही कांडी जगापुढे आणली.

घोळ होतो तो दुसरीकडे. पाण्यात तुरटी फिरवली असेल तर त्यातलं अॅल्युमिनियम फ्लोराइडला धरून बसतं आणि रीडिंग खोटं कमी येतं. पाणी फार अल्कलाइन असेल तर त्यातल्या हायड्रॉक्साइड आयनलाच क्रिस्टल फ्लोराइड समजतो, म्हणजे उलटा घोळ. म्हणून मोजायच्या आधी टिसॅब नावाचं बफर घालतात, ते पीएच ५ ते ५.५ च्या आसपास ठेवतं आणि अॅल्युमिनियमच्या तावडीतनं फ्लोराइड सोडवतं. ते घातलं होतं का, एवढं ताईंना जरूर विचारा.

महागडी म्हणाल तर लॅन्थॅनम जमिनीत शिशापेक्षा जास्त आहे हो, पैसे लागतात ते बिनडागी क्रिस्टल वाढवायला.

बाकी उपयोग भरपूर. अल्ट्राव्हायोलेट लेसरच्या लेन्सवर याचा पातळ थर चढवतात. फ्रान्समध्ये रेन विद्यापीठात १९७० च्या दशकात फ्लोराइड काचा निघाल्या, झेडब्लान ही त्यातलीच, इन्फ्रारेड फायबरसाठी वापरतात आणि तिच्यात लॅन्थॅनम फ्लोराइड असतंच. लॅन्थॅनमच्या भावंड धातूंची फ्लोराइडंही कामाची. निओडिमियम फ्लोराइडपासून मॅग्नेटसाठीचा धातू काढता येतो. काही दातांच्या फिलिंगमध्ये यटर्बियम फ्लोराइड असतं, त्यामुळे एक्सरेत फिलिंग उठून दिसतं. आणि जुन्या टॉकीजमधले कार्बन आर्कवाले प्रोजेक्टर आठवत असतील तर त्या कार्बनच्या गाभ्यातही सिरियमसारख्यांची फ्लोराइडं भरायचे, पडद्यावरचा तो पांढराशुभ्र उजेड त्यातनंच यायचा.

पुढचं सॅम्पल काचेच्या नाही, प्लॅस्टिकच्या बाटलीत न्या. आणि उकळून फ्लोराइड जात नाही, उलट वाफ गेली की राहिलेल्या पाण्यात वाढतं, हे घरी सांगून ठेवा.