‘हेड गेले’ म्हणण्याआधी : जुन्या व्हीसीआरबद्दल वाचकांचे प्रश्न

जुन्या व्हीसीआरबद्दल आलेल्या पत्रांत एक शंका पुन्हा पुन्हा दिसते : हेड (टेपवरचे चित्र किंवा आवाज वाचणारा बारीक भाग) गेले असेल का? क्वचित जातेही. पण त्याआधी रबर कडक होते, ग्रीस थिजते, स्विचचे संपर्क काळे पडतात, कॅपॅसिटर सुकतात. उत्तरेही त्याच क्रमाने वाचावीत.

प्रश्न : पंधरा वर्षे माळ्यावर पडलेला व्हीसीआर खाली काढला आहे. थेट कॅसेट लावून पाहावी का?

उत्तर : नाही. आधी झाकण उघडा, आणि तेही प्लग काढलेला असताना. सर्वांत आधी पिंच रोलर पाहा. कॅपस्टनच्या बारीक चकचकीत दांडीला टेकणारा हा काळा रबरी रोलर निरोगी असेल तर मंद, खरखरीत काळा दिसतो आणि नखाने दाबल्यास किंचित दबतो. आरशासारखा चमकत असेल किंवा त्यावर तपकिरी पट्टा असेल तर आधी सफाई, नाहीतर बदल. मग बेल्ट. काही यंत्रांत जुना बेल्ट वितळून डांबरासारखा पुलीला चिकटलेला असतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण खरवडून काढल्याशिवाय नवा घालू नका, दुसऱ्या दिवशी तोही घसरेल.

पाहणीत वावगे काही न दिसल्यास कॅसेट न घालता वीज द्या आणि दहा-पंधरा मिनिटे नुसते निरीक्षण करा. जळका वास किंवा पॉवर सप्लायमधून शिट्टी आली तर लगेच बंद करा. हे सगळे सुरळीत झाल्यावर पहिली कॅसेट लावायची ती अशी, जी फाटली तरी कुणाला वाईट वाटणार नाही. लग्नाची कॅसेट सर्वांत शेवटी. थंड जागेतून उबदार खोलीत आणलेले यंत्र किमान दोन तास तसेच ठेवा. ड्रमवर, म्हणजे चित्राची हेड्स बसवलेल्या फिरत्या नळकांड्यावर, दव धरले तर ओली टेप त्याला चिकटून गुंडाळली जाते.

प्रश्न : प्ले दाबले की तीन-चार सेकंद चित्र येते, मग यंत्र थांबते. कॅसेट बाहेर काढली की टेपचा फास लोंबत असतो. कारण काय?

उत्तर : टेप पुढे खेचण्याचे काम कॅपस्टन आणि पिंच रोलर करतात, ती गुंडाळून घेण्याचे काम उजवे रीळ करते. ही दोन्ही कामे वेगवेगळी आहेत. उजव्या रिळाला गती देणाऱ्या आयडलर चाकाचे रबर कडक झाले की ते रिळाच्या कडेवर नुसते घसरते. कॅपस्टन मात्र टेप सोडतच राहतो. रीळ फिरत नाही हे त्याखालच्या सेन्सरला कळते आणि यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी थांबते. थांबताना ड्रमभोवतीची टेप परत कॅसेटमध्ये घ्यायची असते, तीही कुणी गुंडाळत नाही. मग फास बाहेर राहतो आणि कॅसेटची झडप त्याच्यावरच बंद होते.

दोष नेमका कुठे हे असे ओळखा : वरून पाहत प्ले करा. उजवे रीळ अडखळत फिरते किंवा फिरतच नाही, तर आयडलर किंवा क्लच (रिळाला गती देताना थोडे घसरू देणारी जोडणी). रीळ छान फिरते आहे आणि तरीही यंत्र थांबते, तर सेन्सर. रिळाच्या तळाशी काळे-चंदेरी पट्टे असतात आणि त्यांच्यासमोर परावर्तित प्रकाश वाचणारा सेन्सर. दोन्हींवरची धूळ कोरड्या ब्रशने काढा.

आयडलरचा रबरी टायर बदलताना आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी ही तिन्ही मापे व्हर्नियरने घ्या. जुना टायर ताणलेला असतो, म्हणून आतल्या व्यासासाठी चाकाची खाच मोजणे जास्त खरे. नवा मिळेपर्यंत जुना टायर उलटा करून, आतली बाजू बाहेर आणून बसवता येतो. काही आठवडे चालतो, पण याला दुरुस्ती म्हणू नये. गिअरचा आयडलर असलेल्या नंतरच्या यंत्रांत रबर नसते. तिथे नमदा लावलेला क्लच घसरतो. तो उघडून साफ करावा, पण त्यावर तेलाचा थेंबही पडता कामा नये. काम झाल्यावर रिळाची ओढ टॉर्क मोजणाऱ्या कॅसेटने तपासा. आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच धरा.

टेपची फक्त कड चुरगळते आहे, फास पडत नाही, तर दोष बहुधा पिंच रोलरचा. कडक किंवा तिरका रोलर टेपला वर किंवा खाली चढवतो. व्हीएचएस (घरगुती व्हीसीआरची नेहमीची) टेपच्या खालच्या कडेला कंट्रोल ट्रॅक, म्हणजे टेपची चाल जुळवणाऱ्या खुणांची पट्टी, असतो आणि वरच्या कडेला साधा आवाज. खालची कड चुरगळली की चित्र डगमगते, वरची चुरगळली की आवाज बुडतो. कोणती कड गेली यावरून टेप कोणत्या दिशेने चढत होती तेही कळते.

प्रश्न : कॅसेट आत अडकली आहे. चिमट्याने ओढून काढावी का?

उत्तर : ओढू नका. प्लग काढा. लोडिंग मोटर टेप कॅसेटमधून काढून ड्रमभोवती नेते. तिच्या दांड्यावरची वर्म (स्क्रूसारखा गिअर) किंवा पुली बोटाने अनलोडच्या, म्हणजे टेप परत आत जाईल त्या दिशेने हळूहळू फिरवा. टेप ढिली पडू लागली की थांबून रीळ हाताने फिरवून ती आत घ्या, मग पुन्हा मोटर. पाच-दहा मिनिटांचे कंटाळवाणे काम आहे. जोर केला तर कॅसेट बाहेर येते, पण लोडिंगच्या गिअरचा एखादा दात घसरतो आणि मग सगळ्या गिअरच्या खुणा जुळवत बसावे लागते.

प्रश्न : आवाज स्वच्छ आहे, पण पडद्यावर नुसत्या मुंग्या. दुरुस्तीवाल्याने हेड बदलायला सांगितले. खरेच बदलावे लागेल?

उत्तर : आवाज येतो याचा अर्थ टेप चालते आहे. साधा आवाज वाचणारे हेड वेगळे आणि स्थिर असते. चित्राची हेड्स ६२ मिलिमीटर व्यासाच्या ड्रमवर असतात. पाल (भारतातल्या टीव्हीची रंगीत पद्धत) यंत्रात तो मिनिटाला १५०० फेरे घेतो, म्हणजे टेप आणि हेड यांच्यातला वेग सेकंदाला सुमारे ४.८५ मीटर. हेडची फट अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही अरुंद असते. तिच्यात टेपवरून सुटलेल्या ऑक्साइडचा कण बसला की हेड तात्पुरते आंधळे होते. एखादी जुनी, पावडर सोडणारी कॅसेट लावल्यानंतर चित्र अचानक गेले असेल तर हेड अडले आहे. महिनोन्महिने हळूहळू फिके आणि दाणेदार होत गेले असेल, तर झीज.

सफाई अशी. प्लग काढा. शामोआ कातड्याची काडी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला आडवी, अगदी हलकी टेकवा. काडी जागची हलवायची नाही. दुसऱ्या हाताने ड्रम वरून धरून हळू फिरवायचा, पाच-सहा फेरे. ड्रमच्या पत्र्यातल्या छोट्या खिडकीतून बाहेर डोकावणारा काळपट ठिपका म्हणजे हेड. ते काडीखालून जाताना बोटाला अगदी बारीक खटका जाणवतो. काडी वर-खाली घासली तर तो ठिपका तुटतो, आणि मग खरोखरच हेड जाते. कापसाचा बोळा वापरू नका, त्याचे तंतू हेडच्या कडेला अडकतात. काडीवर तपकिरी-काळी रेघ आली तर कारण सापडले. दहा मिनिटे वाळू द्या, मगच टेप लावा. दोन-तीनदा करूनही फरक पडला नाही तर ट्रॅकिंग (हेड टेपवरच्या रेघांवर नेमके आणणारे बटण) बदलून आणि दुसरी, धडधाकट कॅसेट लावून पाहा. ड्रमपासून प्रीॲम्प्लिफायरपर्यंतचे (हेडचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटपर्यंतचे) कनेक्टर काढून घाला. एवढे झाल्यावर मात्र दुरुस्तीवाल्याचे म्हणणे मान्य करायला हरकत नाही.

सफाई कॅसेट? ओली वापरा, क्वचित वापरा. कोरडी म्हणजे पॉलिश पेपरचाच सभ्य भाऊ.

प्रश्न : चित्राच्या खालच्या भागात मुंग्यांचा पट्टा आहे. ड्रमच्या दोन बाजूंच्या उभ्या खांबांचे स्क्रू फिरवून तो जाईल का?

उत्तर : जाईलही, पण त्याच फिरवण्याने बाकीच्या सगळ्या कॅसेट बिघडतील. हे मार्गदर्शक खांब टेपची उंची ठरवतात. डावा खांब बिघडला तर पट्टा चित्राच्या वरच्या बाजूला, उजवा बिघडला तर खालच्या बाजूला, कारण हेड डावीकडून टेपवर चढते आणि उजवीकडे उतरते. तुमचा संशय उजव्यावर, एवढे बरोबर. पण आधी खात्री करा की तो लोडिंगच्या शेवटी आपल्या खोबणीत पूर्ण बसतो आहे. थिजलेल्या ग्रीसमुळे तो अर्धा मिलिमीटर अलीकडे थांबतो आणि नेमका असाच पट्टा देतो. बोटाने किंचित पुढे दाबल्यावर पट्टा नाहीसा झाला तर स्क्रूला हात लावू नका. रुळावरचे मेणासारखे जुने ग्रीस पुसून प्लॅस्टिकला चालणारे सिंथेटिक ग्रीस अगदी पातळ लावा.

खांब खरोखरच सरकला असेल तर ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारे उपकरण) लागतो. प्रोब आरएफ एन्व्हलपच्या (हेडकडून येणाऱ्या सिग्नलच्या आकाराच्या) टेस्ट पॉइंटला, ट्रिगर हेड स्विचिंगच्या (एका हेडवरून दुसऱ्यावर जाण्याच्या) पल्सला. एन्व्हलप चौकोनी विटेसारखा दिसायला हवा. तुमच्या दोषात त्याचा उजवा कोपरा झडलेला दिसेल. खांबाचा लॉक स्क्रू सैल करून एका वेळी अष्टमांश फेरा फिरवा, तोही मूळ जागेची खूण करून. प्रमाणित अलाइनमेंट टेप (यंत्र जुळवण्यासाठी अचूक भरलेली कॅसेट) नसेल तर वेगवेगळ्या यंत्रांवर भरलेल्या तीन-चार चांगल्या कॅसेट घ्या आणि सगळ्यांवर ठीक दिसेल अशी जागा धरा. एकाच कॅसेटवर जुळवले तर यंत्र त्या कॅसेटपुरतेच दुरुस्त होते. एखादीच कॅसेट दुसऱ्या बिघडलेल्या यंत्रावर भरलेली असेल, तर तिच्यापुरते खांब हलवून, प्रत करून, खुणेवर परत आणणे हा धंद्यातला रीतसर मार्ग आहे.

प्रश्न : कॅसेट आत जाते, खळखळ होते, परत बाहेर येते आणि यंत्र बंद पडते. झाकण काढून पाहिले तर कॅसेट घेतच नाही.

उत्तर : दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झाकण काढल्यावरचे वागणे बहुधा दोष नाही. टेपच्या दोन्ही टोकांना पारदर्शक पट्टी असते. मध्ये एक इन्फ्रारेड दिवा आणि दोन बाजूंना सेन्सर असतात. पट्टीतून प्रकाश पोहोचला की यंत्राला टेप संपल्याचे कळते. उघड्या यंत्रावर खिडकीतले ऊन किंवा टेबलाचा दिवा पडला की दोन्ही सेन्सरना ‘टेप संपली’ असेच वाटते. वर पुठ्ठा धरून पुन्हा पाहा.

मूळ दोष मोड स्विचचा असण्याची शक्यता जास्त. लोडिंग कुठवर आले हे हा गोल स्विच मायक्रोकॉम्प्युटरला सांगतो. संपर्क काळे पडले की चुकीची माहिती जाते. यंत्र गोंधळते, मागे येते, बंद पडते. यंत्र इजेक्ट स्थितीत आणा, स्विचवर आणि बाजूच्या गिअरवर खूण करा, मग सोल्डर काढा. आतल्या तांब्याच्या पट्ट्या अल्कोहोलने काळपट जाईपर्यंत पुसा आणि संपर्कांसाठीच्या ग्रीसचा नावापुरता थर द्या. नुसता स्प्रे मारून काम भागवले तर जुने ग्रीस विरघळून पुन्हा संपर्कांवरच बसते आणि दोष काही आठवड्यांत परततो.

प्रश्न : वर्षानुवर्षे प्लगला लावलेला व्हीसीआर चालत होता. एकदा वीज गेली आणि परत आल्यावर तो मेला. फ्यूज शाबूत आहे.

उत्तर : पॉवर सप्लायच्या प्राथमिक बाजूचा छोटा स्टार्ट-अप कॅपॅसिटर पाहा. हा बहुधा १ ते ४७ मायक्रोफॅरडचा असतो आणि नेमका तापणाऱ्या हीटसिंकच्या शेजारी बसवलेला. उष्णतेने आतला द्रव सुकत जातो, पण सप्लाय एकदा सुरू असला की त्याची उणीव कळत नाही. पुन्हा सुरू व्हायची वेळ आली की कळते. मल्टिमीटरवर मायक्रोफॅरड ठीक दिसूनही तो निकामी असू शकतो, म्हणून ईएसआर (कॅपॅसिटरचा आतला रोध) मोजा. एक-दोन ओहमच्या जागी दहा-वीस ओहम आले तर बदला. नवा १०५ अंशांचा, कमी ईएसआरचा, तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि तेवढ्या किंवा जास्त व्होल्टचा. ऋण पट्टीची दिशा आधी लिहून ठेवा. एक बदलायला उघडलेच आहे तर त्या बोर्डावरचे बाकीचे छोटे इलेक्ट्रोलिटिकही बदला.

सावधान : २३० व्होल्टच्या विजेवर मुख्य फिल्टर कॅपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात, आणि न सुरू होणाऱ्या सप्लायमध्ये ते प्लग काढल्यावरही टिकून राहतात. इन्सुलेट केलेल्या टोकांचा १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर काही सेकंद लावा आणि मल्टिमीटरने शून्य आल्याची खात्री करा. पेचकसाने ठिणगी काढणे बंद करा.

प्रश्न : कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरी भुकटी दिसते.

उत्तर : बुरशी. ही कॅसेट चांगल्या यंत्रात लावू नका. भुकटी ड्रमवर आणि खांबांवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. आधी कोरड्या जागी काही दिवस वाळू द्या. मग मास्क लावून, घराबाहेर, कॅसेट उघडून सुकी भुकटी ब्रशने झाडा. टेप गुंडाळण्यासाठी एक टाकाऊ यंत्र वेगळे ठेवा, त्यात टेप न विणल्या जाणाऱ्या मऊ कापडामधून दोन्ही दिशांनी फिरवा. रिळे नव्या, स्वच्छ डबीत घाला.

प्रश्न : दुरुस्त यंत्रावरून संगणकात घेताना चित्राचा वरचा भाग उजवीकडे वाकतो आणि आवाज मागे पडतो.

उत्तर : वरचा वाक टेपच्या मागच्या ताणाचा. डाव्या रिळाभोवतीच्या पट्ट्याचा नमदा झिजला किंवा त्याची स्प्रिंग सैल झाली का ते पाहा. ताण योग्य करूनही थोडा वाक राहतो. त्यासाठी टाइम बेस करेक्टर (चित्राच्या रेघांची वेळ सरळ करणारे उपकरण) लागतो, आणि तो व्हीसीआर व संगणकाच्या मध्ये असला की फ्रेम हरवणे थांबून आवाजही जागेवर येतो. पाल कॅसेटसाठी ७२० गुणिले ५७६ पिक्सेल, इंटरलेस्ड (एकाआड एक रेघांचे चित्र), तसेच ठेवा. डीव्ही स्वरूपात तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. व्हीसीआर बनवणारी शेवटची मानली जाणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले, म्हणून सुटे भाग आता बहुतेक दुसऱ्या यंत्रातूनच निघतात. तुमच्याच मॉडेलचे एखादे बंद पडलेले यंत्र मिळाले तर भंगारात देऊ नका.