प्रोग्रामिंगसाठी व्हिम (कीबोर्डनेच चालवायचा टेक्स्ट एडिटर) शिकायलाच हवं का, की व्हीएस कोड हा एडिटर पुरेसा आहे?

रोजच्या कामाला व्हीएस कोड खुशाल वापरा. डीबगर (प्रोग्राममधली चूक शोधायचं साधन), चुका अधोरेखित होणं, फंक्शनच्या व्याख्येवर थेट उडी मारणं हे सगळं फारशी जुळवाजुळव न करता मिळतं. पण एसएसएचने (दूरच्या संगणकावर टर्मिनलमधून काम करायची सोय) सर्व्हरवर शिरून कॉन्फिग म्हणजे सेटिंग्जची फाइल दुरुस्त करायची वेळ आली, की समोर बहुधा व्हिमचा पूर्वज व्हीआयच असतो (१९७६ पासून ठाण मांडून बसलाय!). तेव्हा निदान एवढं यावं: 'आय' दाबून लिहायचं, मग एस्केप, मग कोलन-डब्ल्यू-क्यू आणि एंटर, म्हणजे सेव्ह करून बाहेर. घोळ झाला तर एस्केप, कोलन-क्यू-उद्गारचिन्ह आणि एंटर, बदल सेव्ह न होता बाहेर.

व्हिमची खरी मजा संपादनात आहे. कर्सर अवतरणांच्या आत ठेवून सी, आय आणि अवतरणचिन्ह दाबा. आतला मजकूर पुसला जातो आणि लगेच नवा टाइप करता येतो. याची चटक लागलीच तर व्हीएस कोडमध्येही व्हिमचं एक्स्टेन्शन टाकता येतं.