नगराध्यक्ष, खासदार आणि पुन्हा नगराध्यक्ष

प्रश्न : क्यूबातून अमेरिकेत गेलेले आल्बियो सिरेस आधी महापौर आणि नंतर तेथील संसदेचे सदस्य झाले, असे वाचले. परदेशात जन्मलेल्या माणसाला हे कसे शक्य झाले? तेथील महापौराला नागपूरच्या महापौरांपेक्षा अधिक अधिकार असतात का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार प्रतिनिधिगृहाच्या, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, सदस्याचे वय किमान २५ वर्षे असावे लागते आणि तो किमान ७ वर्षे नागरिक असावा लागतो, जन्माने नागरिक असण्याची अट अध्यक्षपदासाठी आहे. सिरेस यांचा जन्म १९५१ चा. ते १९६२ मध्ये कुटुंबासह न्यू जर्सीत आले आणि बास्केटबॉलच्या शिष्यवृत्तीवर महाविद्यालयात शिकून पुढे स्पॅनिशचे शिक्षक झाले. १९८६ मध्ये रिपब्लिकन पक्षातर्फे लढवलेली संसदेची निवडणूक ते हरले. डेमोक्रॅट ते नंतर झाले.

आपण ‘महापौर’ म्हणता खरे, पण सिरेस जेथे महापौर झाले ते न्यू जर्सीतील वेस्ट न्यूयॉर्क हे साधारण एक चौरस मैलात पन्नासेक हजार लोक दाटीने राहणारे, क्यूबन वस्तीसाठी ओळखले जाणारे गाव असल्याने आपल्याकडच्या हिशेबाने त्यांना कामठीसारख्या नगरपरिषदेचे नगराध्यक्ष म्हणणे अधिक योग्य. तेथे मतदार पाच आयुक्त निवडतात आणि ते पाच जण आपल्यातून एकाला महापौर करतात. नागपुरातही नगरसेवकच महापौर निवडतात. मात्र येथे कारभाराची सूत्रे शासननियुक्त आयुक्तांच्या हाती असतात, तर तेथे निवडून आलेला प्रत्येक आयुक्त स्वतः एकेक खाते चालवतो. अधिकारातला खरा फरक मला येथेच दिसतो.

सिरेस १९९५ ते २००६ या काळात महापौर होते आणि त्याच पदावर असताना राज्याच्या विधानसभेत जाऊन २००२ मध्ये तिचे अध्यक्षही झाले. २००६ च्या आरंभी बॉब मेनेंडेझ सिनेटवर गेले आणि प्रतिनिधिगृहातील त्यांची जागा रिकामी झाली, ती त्या वर्षाअखेरीस सिरेस यांनी जिंकली. (मेनेंडेझ हेही शेजारच्या युनियन सिटीचे माजी महापौर, म्हणजे ही वाट त्या भागात आधीच मळलेली होती.) पुढे २०१९ पासून लॅटिन अमेरिकेविषयीच्या उपसमितीचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले.

जानेवारी २०२३ मध्ये ते संसदेतून बाहेर पडले. घरी न बसता मे महिन्यात त्यांनी गावच्या आयुक्तपदाची निवडणूक जिंकली आणि सहकाऱ्यांनी त्यांनाच पुन्हा महापौर केले.